दोरा कुणी बांधायचा

दोऱ्याचं तुमी मला अर्धंच शिकवलं, आन उरलेलं अर्धं माझ्या नातीच्या गळ्यात आलं. ही तक्रार आधी. रामराम मागनं.

मामा, तुमी जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोवरचा हार बी आता प्लास्टिकचा हाय. धूळ बसली की पुसते, बाकी काय करत न्हाय. मेलेल्या सासऱ्याशी बोलत बसायची मला सवय न्हाय, पण जित्या माणसाशी बोलायला आज तोंड न्हाय, म्हणून तुमी. रविवार हाय, गाळा बंद हाय, आन मी तुमच्याच टेस्टरपाशी स्टुलावर बसून लिहितीय. अक्षर तुमाला ठाऊक हाय, कोंबडीनं उकरल्यागत.

तुमचा लेक ट्रक घेऊन गेला आन तिकडंच दुसऱ्या चुलीला लागला, तवा माझे आईबाप मला न्यायला माळशिरसाहून आले हुते. तुमी त्यांना च्या पाजला आन म्हणालात, "ती कुटं जात न्हाय. तिला काम हाय." काम हाय हे मला बी तवाच कळलं. दुसऱ्या दिवसापास्नं भाकरीच्या हाताला डिझेलचा वास. उसाच्या ट्रॅक्टरांचे, ट्रकांचे डिझेल फवारायचे नोझल यायचे, ते टेस्टरला लावून दांडा दाबायचा आन फवारा बघायचा. दांडा मला जड जायचा, मी त्याला लोंबकळायची, आन गिऱ्हाइकं हसायची. एक दिवस बघते तर दांड्याला पाइपाचा लांब तुकडा वेल्ड केलेला. तुमी बोलला न्हाईत, मी बी न्हाय. तुमची माया असली, वेल्डिंगची. तुकडा अजून हाय.

आन दोरा. एका इंजिनाचे चार नोझल, चारींचा फवारा सारखा, चारींचा आवाज सारखा झाला की शेजारच्या मागावरनं आणलेला चादरीचा लाल दोरा चौघांना मिळून बांधायचा. बांधला की संपलं. मग कुणी सोडायचा न्हाय, कुणी त्यातला एक काढून दुसरा घालायचा न्हाय, इंजिनात बसवतानाच सुटायचा. गिऱ्हाईक सुद्धा दोरा बघूनच पैसे काढायचं. एकदा मी घाईनं तुमाला न विचारता बांधला. तुमी येता, बघता, ब्लेडनं दोरा कापता आन चारी नोझल माझ्यापुढं ठेवता. "आता परत ऐक," म्हणता. परत दाबते तर तिसरा तोंडाशी थेंब धरतोय. मला लाज वाटली, आन तुमी जेवायला गेलात. पुढं कितीतरी दिवसांनी, जेवण झाल्यावर, दोऱ्याचं रीळ तुमी माझ्या बाजूला नुसतं सरकवलं. तेच माझं सर्टिफिकेट. तवापास्नं हितला दोरा माझा.

आता ऐका. डिझेलचं काम आता थोडं राहिलं. तुमच्या पणतीनं गाड्यांचा डिप्लोमा केला आन गाळ्यात जुन्या पेट्रोल गाड्या यायला लागल्या. त्यांच्या नोझलला, म्हंजे इंजेक्टरला, दाब उघडत न्हाय, वीज उघडते. आत तारेचं वेटोळं असतं, गाडीतला कॉम्प्युटर त्याला वीज देतो, आन जेवढा वेळ देईल तेवढंच पेट्रोल पडतं. गेल्या महिन्यात वळसंगचे एक रिटायर मास्तर गाडी घेऊन आले. गाडी म्हातारी, मास्तर तिच्याहून म्हातारे. इंजेक्टर गेलेले, नवे कुटं मिळंनात. पोरीनं भंगारातनं दुसऱ्या गाडीचे चार आणले. भोकात बसत हुते, वायरीचं टोक बी बसत हुतं. मी ते धुऊन मशीनला लावले, चार काचेच्या नळ्यांत पेट्रोल एका रेघेला आलं. इतका सुरेख जोड कैक वर्षांत बघितला नव्हता. मी दोरा बांधला.

पोर मीटर घेऊन आली. "आज्जी, बसवायच्या आधी वेटोळी किती वीज ओढतात ते मोजू दे की."

"दोरा बांधलाय."

"कॉम्प्युटरला दोरा दिसत न्हाय, आज्जी."

मी म्हणलं, तुझ्या पणज्यापास्नं हा दोरा कुणी सोडला न्हाय. तिनं मीटर बाजूला ठेवला आन चारी बसवले. गाडी अशी चालली की मास्तर हसत गेले. वळसंगच्या अलीकडं बंद पडली. त्या इंजेक्टरांची वेटोळी वीज भसाभसा ओढणारी, आन ह्या गाडीचा कॉम्प्युटर थोड्या विजेचा. चौघं एकमेकांना सारखे हुते, पण ज्याच्या हुकमात राहायचं त्याला एक बी सारखा नव्हता. कॉम्प्युटर आतनं जळला.

मास्तर टेम्पोत गाडी घालून आले आन पोरीवर घसरले. पोरींच्या हातात गाडी दिली की असंच हुतं, म्हणाले. मी तितंच म्हणलं, मास्तर, तिला मोजायचं हुतं, मी मोजू दिलं न्हाय, दोरा माझा. तर ते हसले की. "नातीला पाठीशी घालताय व्हय? घाला, घाला." खरं बोलून बी उपेग झाला न्हाय. पोर मला म्हणाली, "तू बोलू नगंस. माझं चुकलं तर माझं, जमलं तर तुझं. हितं सगळं तुझ्याच दोऱ्यात जातं."

मग तिनं तसल्याच गाडीचा दुसरा कॉम्प्युटर कुटनं तरी मिळवला, पाठीवरचा नंबर ताडून बघितला. इंजेक्टर आणले, एकेक वेटोळं मोजलं, एक नापास करून बदलून आणला, मग नळ्यांत पेट्रोल बघितलं. मी हात लावला न्हाय. मास्तर आले, चारी इंजेक्टर टेबलावर मांडलेले. मास्तरांनी पोरीकडं बघितलं बी न्हाय. मला विचारलं, "बाई, दोरा बांधला का?" पोर हात धुवायला नळाकडं गेली. नळ लई वेळ चालू हुता.

आन मी बांधला, मामा. सवयीनं म्हणा, मानासाठी म्हणा. हात आपोआप रिळाकडं गेला. गाडी झकास चाललीय, मास्तर गावभर सांगतायत, बाईचा दोरा म्हणजे दोरा.

पुण्याच्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरनं तिला बोलावलंय. परवा कळवायचंय. बॅग अजून भरली न्हाय, पण कपाटावरनं खाली काढलीय. ती गेली तर गाळा चालणार न्हाय, हे मला कळतं. माझे डोळे अधू झाले, कॉम्प्युटरचं मला काय समजत न्हाय, आन माझा लेक कचेरीतला, त्याला पाना आन पक्कड वळखू येत न्हाय. पण गाळ्यासाठी राहा असं मी म्हणणार न्हाय. तुमी मला कुटं विचारलं हुतं? ती कुटं जात न्हाय म्हणालात, संपलं. बरं झालं की वाईट, ते आता उकरत न्हाय. पण विचारलं नव्हतं.

मला बसल्या बसल्या तो ब्लेडचा दिवस आठवला. कुणी सोडायचा न्हाय म्हणत हुता, आन तुमीच कापला की माझा दोरा. म्हंजे सोडता येत हुता. कुणी सोडायचा तेवढं तुमी ठरवत हुता, मग मी ठरवायला लागले. हे अर्धं तुमी सांगितलं न्हाय, आन म्हातारी झाले तरी मला बी सुचलं न्हाय.

रीळ आत्ता माझ्या मांडीवर हाय. सकाळपास्नं दोनदा तिच्या मीटरपाशी ठेवून आले, दोनदा उचलून आणलं. हे कुणाला सांगितलं न्हाय, तुमालाच सांगतीय, आन हा कागद बी टेस्टर पुसायलाच जाणार हाय. उद्या गाळा उघडला की रीळ तिच्यापुढं ठेवणार, तुमच्यागत मुक्यानं सरकवणार न्हाय. तोंडानं विचारणार, दोरा तुझा, बांध न्हाय तर जाळ, पण पुणं का हितं ते सांग. तिचा बाप मधी पडंल, त्याला मी बघते. तुमी बी फोटोतनं बघू नका तसं. ह्याचं उत्तर तिनंच द्यायचं, आन ती दील तवर तुमी आन मी दोघांनी गप बसायचं.