ओळखीच्या हातचं

गुरुवार, ३ ऑगस्ट १९७८

चि. माणिकराव यास अक्काचा आशीर्वाद.

बौद्धवाड्यातली सगळी कुत्री कुणीतरी विष घालून मारली, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे. भुजंग गडी उद्या सकाळच्या एसटीने परभणीला येऊन ते तुझ्या हातात देईल. तो समोर असतानाच वाच.

इकडे पाऊस बरा आहे. ज्वारी गुडघ्याला लागली. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. तुझा राधाकिशन शेतीचे बघतो, वेळेवर जेवतो.

कुत्री मंगळवारी सकाळी सापडली. आपल्या आळीतले एक नाही, वेशीतले नाही, फक्त तिकडची. एका मेलेल्या कुत्रीला पिल्ले अजून लुचत होती. ती उचलून आणली, कापसाच्या बोळ्याने दूध पाजते आहे. जगतील असे वाटत नाही. सगळ्यांच्या तोंडाला कपाशीवर फवारायच्या एन्ड्रिनचा वास होता.

विद्यापीठाचे नाव बदलायचा ठराव झाल्यापासून गावोगाव बौद्धवाडे कसे पेटवताहेत, ते तू पेपरात वाचतोसच. अशा दिवसांत एखाद्या वस्तीतली भुंकणारी तोंडे आधी का बंद करतात, हे कळायला माझ्यासारखे बी.ए. व्हावे लागत नाही.

आपल्या शेतात खुरपायला येणाऱ्या गोजरबाईचा मोत्याही गेला. आपल्याच कुत्रीचे ते पिल्लू. मी गेले तेव्हा ती खड्डा खणत होती. कुणी टाकले, असे विचारले.

"मोत्या परक्याच्या हातचं खात नव्हता, अक्कासाब," ती म्हणाली. "खायचा तर माझ्या हातचं, न्हाईतर..."

आणि पुन्हा माती ओढायला लागली.

पुढचे नाव मला ठाऊक आहे. ते पिल्लू शाळकरी वयात सदऱ्यात घालून तिच्याकडे कुणी नेऊन दिले होते, हे तुलाही ठाऊक आहे. पुढेही शेताकडे जाता-येता तोच त्याला भाकरी घालायचा. त्याला बघून ती सगळी कुत्री शेपट्या हलवत धावत यायची.

घरी येऊन फवारणीचा डबा पाहिला. कपाशीला अजून एकही फवारा दिलेला नाही आणि डबा अर्धा झाला आहे. जेवताना राधाकिशनला विचारले. त्याने मान वर केली नाही.

"कुत्रीच मेली ना, आत्या? लय भुंकायलेत म्हणून तूच कुरकुर करायचीस."

मग भाकरी मोडता मोडता म्हणाला, "तू दादाकडं परभणीला जाऊन ये. उद्याच जा. रविवारी परत ये."

मी कारण विचारले नाही. जे व्हायचे ते रविवारच्या आत व्हायचे आहे.

मी येत नाही. आज पोलीस चौकीवर जाऊन आले. कुत्र्याचा कधी पंचनामा असतो का, म्हणून जमादार हसला. तो लिहून घेईपर्यंत मी बाकावरून उठले नाही. बंदोबस्त पाठवतो म्हणाला. माझा विश्वास नाही. वस्तीत जाऊन लोकांना सगळे स्पष्ट सांगितले. काहीजण लेकरे घेऊन पाहुण्यांकडे निघाले. गोजरबाई जात नाही. तिची शेळी दिवस भरून बसली आहे, चालू शकत नाही, आणि तिला सोडून ही हलायला तयार नाही.

तू उद्या दिवस मावळायच्या आत ये आणि पोराला घेऊन जा. सोबती कोण, ते तू विचार. मला तो सांगत नाही.

आपली दोन्ही कुत्री वस्तीत नेऊन बांधली आहेत. परके आले तर ती गाव जागे करतील. पण राधाकिशनला ती ओळखतात, त्याच्यावर भुंकणार नाहीत. म्हणून आजपासून मीही तिथेच, गोजरबाईच्या ओसरीवर आहे. तुझ्या मुलाला आत जायचे असेल, तर आत्याला ओलांडून जावे लागेल.

तुझी,
नर्मदाअक्का

हवाली केले ते असे: गोजरबाईकडे दोन कुत्री, साखळ्यांसकट. भुजंगकडे हे पत्र. जमादाराकडे एन्ड्रिनचा अर्धा डबा, आणि आपल्या राधाकिशनचे नाव.