शिवणवर्गाच्या नावाखाली

बाई, तुमच्या नावाचा हॉल झाला. बारामतीत, नव्या रस्त्याला, गुळगुळीत फरशी आणि काचेची दारं. दर्शनी भिंतीवर तुमचं नाव, त्याखाली 'युवक व कुटुंब समुपदेशन केंद्र' आणि त्याच्याही खाली जागा देणाऱ्या आबांच्या घराण्याचं नाव, तुमच्या नावाहून मोठ्या अक्षरांत. उद्घाटनाला स्मरणिका निघणार आहे. परवा समितीतल्या एक बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही त्यांचा उजवा हात. दोन पानं लिहून द्या, जरा भावुक." चहात जरा साखर जास्त टाका म्हणावं तसं म्हणाल्या. मी हो म्हटलं, कागद घेतला, 'बाई म्हणजे मायेचा सागर' असं पहिलं वाक्य लिहिलं आणि मला माझीच शिसारी आली. तो कागद फाडून टाकला. तुमच्याबद्दल माझ्याकडे जे आहे ते स्मरणिकेत छापण्याजोगं नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली, एवढाच काय तो अडथळा.

मी तुमच्याकडे आले तेव्हा पंचविशीच्या आत होते. बावड्याची मुलगी, पुण्यात समाजकार्य शिकून नुकती परतलेली, डोक्यात पुस्तकी शहाणपण ठासून भरलेलं. वडिलांनी आबांकडे शब्द टाकला म्हणून नोकरी लागली. तुमचं सल्ला केंद्र म्हणजे एसटी स्टँडमागच्या बोळातल्या, आबांच्याच मालकीच्या दोन खोल्या. बाहेर पाटी मात्र 'शिवणवर्ग' अशी. मला वाटलं पत्ता चुकला. तुम्ही हसलात. "अगं, 'सल्ला केंद्र' लिहिलं तर पायरी कोण चढेल? जी चढेल तिचं नाव संध्याकाळच्या गाडीनं गावात पोचेल. शिवण शिकायला मात्र सासू स्वतः पाठवते." आत तीन मशिनी होत्या. कॉलेजातल्या घाबरलेल्या मुली यायच्या, नवऱ्यानं टाकलेल्या यायच्या, कधी एखादी आई दारूत बुडालेल्या मुलाचं सांगायला यायची. तुम्ही कुणाला काही विचारायचा नाहीत. हातात सुईदोरा आणि कापडाचा तुकडा द्यायचात आणि काज करायला बसवायचात. दोन-तीन खेपा नुसतं काज. मग कधीतरी, नजर कापडावरच असताना, ती बाई बोलायला लागायची. एकदा मी माझ्या छापील प्रश्नावलीतला पहिला प्रश्न विचारला तर तुम्ही तिच्यासमोरच मला झापलंत. "ती काय पोलीस ठाण्यात आलीय? दोरा ओवून दे तिला." मला रडू आलं होतं. पण त्या दिवसानंतर ती प्रश्नावली मी परत बाहेर काढली नाही.

घरी मात्र शिवण दाखवावं लागायचं. महिना झाला, काय शिकलीस, असं सासरी विचारणारच. म्हणून तुम्ही स्वतः ब्लाउज शिवून मुलींच्या पिशवीत घालायचात. हळूहळू मीही शिवायला लागले. समाजकार्याची पदवी घेतलेली मी बाह्या जोडत बसायचे आणि तुम्ही म्हणायचात, "शिलाई बारीक मार, तिच्या सासूची नजर बारीक आहे."

ती मंगळवारी यायची. इंदापूरकडच्या एका उसाच्या मोठ्या घरात दिलेली, माहेर सुप्याकडचं, कोरडवाहू. वीस वर्षांची असेल. चार मंगळवार तिनं मान खाली घालून काज केलं. पाचव्या मंगळवारी सुई तशीच चालवत म्हणाली, "ताई, मालकाचा हात लई चालतोय. आन् हात दुखला तर पट्टा हाय." मग तिनं पदर बाजूला करून कानामागचा वळ दाखवला, जणू एखादी चुकलेली शिलाई दाखवावी. थोड्या वेळानं म्हणाली, "मला नर्स व्हायचं व्हतं. बारावीला मार्क बी हायती." तुम्ही त्या दिवशी मशीन थांबवलीत. पुढचे तीन महिने तुम्ही पुण्याला खेपा घातल्यात. नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला तिचा अर्ज गेला, वसतिगृहात खाट मिळाली, तिच्या आईनं दाखले सुप्याहून लपवून आणून दिले. सगळं एका पिशवीत घालून तुम्ही आतल्या खोलीतल्या फळीवर ठेवलंत. पुण्याच्या गाडीत बसून ती निघायची, एवढंच बाकी होतं. वसतिगृह उघडायला दीड महिना होता.

आणि आपला घात ब्लाउजनं केला. तुम्ही तो फार सुरेख शिवला होतात, बाई. सासूनं तो अख्ख्या भावकीत मिरवला. पुढच्या मंगळवारी सून आली ती कापडांची थैलीच घेऊन. जावा, नणंदा, चुलत सासवा, प्रत्येकीचं माप सुतळीला गाठी मारून पाठवलेलं. कुणाची गाठ कुणाची हे ओळखताना आपण तिघी हसून हसून दमलो. तीही हसली होती, तोंडावर पदर धरून. सगळे ब्लाउज आपण शिवून दिले, तोवर वसतिगृह उघडायला आठवडा उरला. सासरा इतका खूश झाला की त्यानं सुनेसाठी नवी कोरी मशीन आणली, सोप्यात मांडली, हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि भावकी जमवून म्हणाला, "हं, चालीव बघू." तिला मशीनमध्ये दोरा ओवता आला नाही. सहा महिन्यांत आपण तिला काजाखेरीज काहीच शिकवलं नव्हतं. तिला बोलतं केलं, तिचे अर्ज भरले, तिचं आयुष्य मार्गी लावायला निघालो, पण पाटीवर लिहिलेलं तेवढं शिकवायचं आपल्या डोक्यातच आलं नाही. तिनं चाक उलटं फिरवलं आणि सगळा दोरा खाली गुंतून बसला.

दुसऱ्या दिवशी जीप आली. सासरा, सासू, नवरा, सुप्याहून उचलून आणलेला तिचा बाप आणि मध्ये ती. आबांना त्यांनी आधीच निरोप धाडला होता. आबा तुमच्या खुर्चीत बसले. सासरा ओरडत होता, "आमी सुनंला शिकाय पाठिवली, आन् ह्यांनी तिला फितवाय बसवली. आमच्या बायका दुसऱ्यानं शिवल्यालं अंगात घालून मिरवत्यात आबा! गावात तोंड दाखवाय जागा ऱ्हायली न्हाय." त्याची तक्रार ब्लाउजबद्दल होती. अब्रू गेली होती ती ब्लाउजमध्ये. तुम्ही म्हणालात, "आबा, आधी तिच्या कानामागं बघा." आबांनी बघितलं नाही. पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेऊन म्हणाले, "बाई, नवरा-बायकूत हुतंच. तुमचं काम मिटवायचं हाय का पेटवायचं, ते आदी सांगा." तिचा बाप जमिनीकडे बघत उभा. नवरा दारात, जीपची किल्ली बोटात फिरवत. तुम्ही त्या किल्लीकडे बघितलंत. मग मला म्हणालात, "हिला आत ने. पाणी दे." मी तिला आत नेलं, पाणी दिलं, परत आणलं. आम्हा दोघींना दारात बघून तुमचा चेहरा उतरला. आणि मग तुमच्या तोंडून ते शब्द आले. "पाया पड सगळ्यांच्या."

ती पडली. सासऱ्याच्या, सासूच्या, आबांच्या, बापाच्या, आणि नवऱ्याच्या. त्यानं बूटही काढले नव्हते. चिखलाच्या बुटांवर तिनं कपाळ टेकलं आणि आबा म्हणाले, "हां, आता कसं." पेढे मागवले गेले. नवऱ्यानं तिच्या तोंडात पेढा कोंबला, तिला तो गिळवेना, गालाशी तसाच धरून ती उभी राहिली. तुम्ही रजिस्टर उघडून त्या दिवसाच्या रकान्यात 'समेट' लिहिलंत. त्या खोलीत त्या वेळी जे काही होतं, पेढ्याचा खव्याचा वास, आबांचं पान, बुटांचा चिखल, तुमचं सुबक अक्षर, त्या सगळ्याची मला अजून किळस येते. आजही कुणी पेढा पुढे केला तर मी नाही म्हणते. लोकांना वाटतं मला मधुमेह आहे.

महिन्याभरानं तुम्ही हट्टानं मला घेऊन तिच्या गावी गेलात. आपल्याला सोप्यात बसवलं. ती मशीनवर होती, शिवत होती. शिकवलं होतं तिला, कसं ते तिच्याकडे बघून कळत होतं. पुढचे दोन दात नव्हते. "नळावर घसारली," सासू म्हणाली. तिनं मान वर केली नाही, फक्त "च्या घ्या" म्हणाली, आणि त्या दोन शब्दांतही हवा सुटत होती. मी चहा प्यायले. तुम्ही घोटभर घेऊन बशी खाली ठेवलीत. परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीशी बसला होतात. बारामती जवळ आली तेव्हा तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, "त्या दिवशी पाणी दिलंस ना गं तिला?" मी म्हणाले, "दिलं की." तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत, शेवटच्या आजारपणातही नाही.

पुढे मी या कामात नाव मिळवलं. प्रशिक्षणांत मला बोलावतात. समेट म्हणजे यश नव्हे, यावर मी तासभर बोलते आणि उदाहरण तुमचं देते. नाव घेत नाही, पण सांगते की माझ्या गुरूनं एका मार खाल्लेल्या मुलीला नवऱ्याच्या बुटावर डोकं ठेवायला लावलं. समोरच्या तरुण मुली शहारतात. "शी!" म्हणतात. त्या म्हणतात तेव्हा मला बरं वाटतं. किती वर्षं मी त्या 'शी'वर जगले.

बाई, आतल्या खोलीला मागचं दार होतं. स्टँडच्या बाजूला उघडणारं, एरवी नेहमी कडी लावलेलं. जीपचा आवाज आला तेव्हा तुम्ही घाईनं आत जाऊन आलात. मी तिला घेऊन आत गेले तेव्हा दाराची कडी काढलेली होती आणि फळीवरची पिशवी खाली, उंबऱ्यापाशी ठेवलेली होती. बाहेर कंडक्टर "पुणे, पुणे" ओरडत होता. तिनं पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ताई, जाऊ का?" तुम्ही बाहेर बसून वेळ काढत होतात, हे मला कळलं. तेव्हाच कळलं, नंतर विचार करून नाही. पण पुढच्या रविवारी मला बघायला इंदापूरचे पाहुणे येणार होते. माझ्या वडिलांचा शब्द आबांकडे होता. सून पळवून लावणारी म्हणून माझं नाव झालं असतं. तिला मी म्हणाले, "आधी पाणी पी." आणि ती पाणी पीत असताना मी दाराची कडी लावली.

ती कुठे आहे, आहे की नाही, मला माहीत नाही. शोधायची छाती झाली नाही. हे पत्र कुठे पाठवायचं, त्याला ना तुमचा पत्ता ना तिचा. स्मरणिकेला मी दोन गोड पानं देईन, त्याही कामात मी पटाईत आहे. एसटीत तुम्ही पाण्याचं विचारत नव्हतात, हे मला माहीत होतं, बाई. पाणी दिलं की, असं मी मुद्दाम म्हणाले.