तांब्यातलं दूध

माय, सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा गॅस बंद आहे का ते पाहायला, एकदा झाडांना पाणी घालायला, आणि तिसऱ्यांदा कशासाठी ते आता आठवतही नाही. संस्थेतल्या पोरींना एक पुस्तिका काढायची आहे, पूर-भूकंपानंतर किंवा दंगलीनंतर छावणीत आलेल्या लेकरांना खायला-प्यायला कसं द्यावं याची. तिच्या सुरुवातीला त्यांना तू हवी आहेस. "मॅडम, वो गिलासवाली बात लिख दीजिए ना, आपकी आईवाली." मी हो म्हणून बसले. आता स्मृति नगरातल्या या घरात, तू कधी न पाहिलेल्या या टेबलाशी, त्यांच्यासाठी काढलेल्या कागदावर तुलाच लिहिते आहे. तू चाळिशीनंतर वाचायला शिकलीस, ओळीवर बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत, म्हणून अक्षर जरा मोठं काढते.

आपण वर्ध्याकडचं गाव सोडून भिलाईला आलो तेव्हा इथे प्लांटचे नुसते खड्डे होते. बाबा खलाशी, म्हणजे प्लांटातले मदतनीस, म्हणून लागले आणि तू रेजा, बांधकामावरची मजूर. भट्टीच्या पायाची किती घमेली तुझ्या डोक्यावरून गेली असतील कोण जाणे. पुढे बाबा पर्मनंट झाले, सेक्टरमध्ये दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं आणि घरात नळ आला. त्या नळाचं तुला फार अप्रूप होतं. काही काम नसतानाही तू तो सोडायचीस, हात भिजवायचीस आणि बंद करायचीस. मी हसायचे. बारा वर्षांच्या पोरीला आईचं काहीही हसण्यासारखं वाटतं.

त्याच वर्षी पूर्व पाकिस्तानातून माणसांचे लोंढे आले. रायपूरच्या पलीकडे त्यांची छावणी पडली, नजर जाईल तिथवर तंबू. टाउनशिपमधल्या बायकांनी ठरवलं की दर रविवारी ट्रक घेऊन जायचं आणि तिथल्या मुलांना पावडरचं दूध पाजायचं. तू पहिल्याच रविवारी निघालीस, मला घेऊन. माझी खरं तर मैत्रिणीकडे जायची तयारी झाली होती, त्यामुळे मी ट्रकमध्ये तोंड फुगवून बसले होते. पोचलो तेव्हा ऊन चढलेलं. मोठ्या ड्रममध्ये दूध कालवलं, मुलं रांगेत बसली आणि ओंजळी पुढे झाल्या. भांडी कुणाकडे नव्हतीच. आमच्यातल्या एका बाईंनी तांब्या भरला आणि वरून धार सोडायला सुरुवात केली. काम भराभर होत होतं. तू तिथेच थांबलीस. मग ट्रकमध्ये ठेवलेली आपली पिशवी आणलीस. तिच्यात घरातले सगळे जर्मनचे, ॲल्युमिनियमचे गिलास होते, अकरा.

ते तू आधीच बांधून घेतले होतेस, म्हणजे तुला माहीत होतं की तिथे काय होणार. साइटवर घमेलं हातोहात पुढे जातं तशी तू रांग लावलीस. एकीनं भरायचा, दुसरीनं लेकराच्या हातात द्यायचा, तिसरीनं विसळायचा. पण अकरा गिलासांनी किती मुलांचं होणार? लहान लेकरं घोट घोट पितात, मध्येच इकडेतिकडे बघत बसतात. या कामात पुढाकार घेणाऱ्या एक बाई, मोठ्या साहेबांच्या मिसेस, दोनदा येऊन सांगून गेल्या, "बहनजी, ऐसे तो दूध फट जाएगा. ऊपर से डाल दीजिए ना." तू मान वर न करता म्हणालीस, "हमसे नहीं होगा, बाईसाब. लेकरं हायेत थे." त्यांना काय कळलं असेल देव जाणे. पण ड्रमच्या तळाचं दूध खरोखरच उन्हानं नासलं. शेवटच्या वीस-पंचवीस मुलांना काही मिळालं नाही. त्यांच्यात एक मुलगी होती, माझ्याच वयाची, कडेवर एवढंसं भावंड. ओतून दिलेलं दूध मातीत जिरताना ती बघत होती, आणि मी तिला.

पुढचा आठवडाभर मी तुझ्याशी धड बोलले नाही. तू भाकरी थापायचीस आणि मी मागून म्हणायचे, तुझ्या गिलासांपायी ते लेकरू उपाशी राहिलं. तू एकदाच बोललीस, "मग अखीन गिलास आनू." शेजारपाजारचे मागून तू पंचवीस केलेस. माझा राग त्यानं गेला नाही. मला ती मुलगी हवी होती. मनाशी मी ठरवून टाकलं होतं की या वेळी रांग तिच्यापर्यंत पोचवायचीच.

दुसऱ्या रविवारी ती पुन्हा शेवटाजवळच होती. पंचवीस गिलास असूनही रांग रेंगाळत होती, कारण तू प्रत्येक गिलास राखेनं घासून घेत होतीस, उष्टा कुणाला जाऊ नये म्हणून. मी तुझी पाठ वळलेली पाहिली, ड्रममधून तांब्या भरला आणि रांगेच्या मध्यावर जाऊन वरून धार धरली. एक, दोन, तीन, चार मुलं झाली. पुन्हा तांब्या भरून आणला. पाचव्या मुलाच्या नाकात दूध गेलं, तो ठसकला, आणि माझ्या गालावर तुझा हात बसला. सगळ्यांसमोर. "कोनी शिकवलं तुले हे? लेकराले पाजून राहिली का नालीत पानी सोडून राहिली?" तू मला त्याआधी कधी मारलं नव्हतंस, नंतरही नाही.

त्या संध्याकाळी चुलीपुढे बसून तू सांगितलंस. "तुह्याएवढी होती मी. बाजाराहून येता येता तहान लागली. एका दारात पानी मांगतलं. त्यानं माडीवरून धार सोडली. मी ओंजय धरली, अन् त्यानं धार हलवली. इकडं, तिकडं. मी नाचत राहिली पान्यापायी. त्याची लेकरं हासत होती." मग म्हणालीस, "दीक्षा घेतली तवा मी बाकी काही नाही मांगतलं. म्हटलं, आता कोनाच्या धारेखाली उभं राहाचं नाही, अन् कोनाले उभं कराचं नाही." मी ऐकत होते आणि माझं लक्ष नव्हतं. त्याचं कारण आज सांगते.

तिसऱ्या रविवारी त्या तंबूंची ओळ रिकामी होती. त्या लोकांना ट्रकमध्ये घालून पुढे बस्तरकडे नेलं होतं. ती मुलगी मला परत दिसली नाही.

पुढे मी याच कामात शिरले. चक्रीवादळं पाहिली, भूकंप पाहिले, गोळीबारातून उठून आलेली गावं पाहिली. जिथे गेले तिथे गिलास घेऊन गेले. पोरं मला गिलासवाली मॅडम म्हणतात, आणि मलाही ते आवडतं. प्रत्येक ट्रेनिंगमध्ये तुझी गोष्ट सांगते. आई हट्टी होती, रांग रेंगाळली, मी घाई केली, आईनं मारलं, त्या झटक्यात तांब्या सांडला, आणि शेवटची मुलगी दुधाविना राहिली. मग विचारते, सांगा, कोण बरोबर? पोरी तासभर भांडतात. मीही भांडते, कधी तुझ्या बाजूनं, कधी तुझ्याविरुद्ध. इतक्या वर्षांत एकदाही मला स्वस्थ बसता आलेलं नाही.

माय, तांब्या सांडला नव्हता. गालावर हात धरून मी तो तसाच भरलेला घेऊन ट्रकच्या मागे पळाले. चाकाला टेकून बसले. तिथून ती मुलगी दिसत होती, पंधरा पावलांवर. तिनंही मला पाहिलं. भावंडाला तिनं या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि वाट पाहत राहिली. तिला वाटलं असेल, मी तिच्याकडेच येते आहे. आणि मी तुझ्यावरच्या रागानं तांब्या तोंडाला लावला आणि सगळं दूध पिऊन टाकलं, तिच्याकडे बघत बघत. भूकही नव्हती. तोवर ड्रममधलं पुन्हा नासलं होतं.

तू मला शोधत आलीस. विचारलंस, "दूध?" मी म्हटलं, सांडलं. तू खाली पाहिलंस. माती कोरडी होती. मग पदराच्या टोकानं तू माझं तोंड पुसलंस. डोळे नाही, तोंड.

हे तीन कागद मी घडी घालून तुझ्या गिलासांच्या पिशवीत ठेवते आहे. पोरींसाठीचं आत्ताच वेगळ्या पानावर लिहून झालं. त्यात मी याही वेळी लिहिलं आहे की तांब्या सांडला.