खापर दिपमालाला, टीव्ही पुष्पाबाईला

मी, वच्छलाबाई कौतिक महाजन, वय एकाहत्तर, धंदा मांडे करणे, राहणार धुळे, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या धाकाने किंवा सांगण्यावरून नव्हे तर आपल्या मनाने हे मृत्युपत्र करते. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही, असं वकील म्हणाले. मी बोलले, त्यांनी नीट मराठीत उतरवलं.

१. दोन खोल्यांचं घर मुलगा भूपेंद्र याला. आम्ही नवरा-बायकोने ते लोकांच्या लग्नातल्या चुलींवर उभं केलं. भूपेंद्र ऑफिसात "आई केटरिंगमध्ये होती" असं सांगतो. भूपा, निदान घरात तरी "आई मांडे करायची" म्हणत जा. जीभ भाजणार नाही.

२. बँकेतली ठेव आणि सोन्याचे मणी सून कोकिळा हिला. तिने माझं पथ्यपाणी केलं आणि कधी बोलून दाखवलं नाही. यात भूपेंद्रने हात घालू नये.

३. टीव्ही शेजारच्या पुष्पाबाईला. कारण पुढच्या कलमात आहे.

४. मांडे भाजायचं मातीचं खापर नात दिपमाला हिला. ती मुंबईत मालिकांचे संवाद लिहिते. तिच्या मालिकेतली कामवाली आमच्यासारखी अहिराणी बोलते, म्हणून लोक हसतात. एका भागात ती पोळपाटावर भलामोठा मांडा लाटते आणि ओरडते, "बाईसाहेब, बठ्ठं तयार शे!" बठ्ठं म्हणजे सगळं. पुष्पाबाई इतकी हसली की हातातला चहा सांडला. मीही हसले. मांडा दोन्ही हातांवर फिरवून मोठा करतात, लाटण्याने नाही, हे माझ्या नातीला ठाऊकच नाही! कसं असणार? मीच तिला चुलीजवळ फिरकू दिलं नाही. कोपरापर्यंत भाजलेले हात माझ्यापाशीच संपावेत, हा माझा हट्ट होता. तो पुरा झाला, याचा मला आनंद आहे. थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण भूपेंद्रने तिला फोनवर झापलं, "आजीची टिंगल करून पोट भरतेस." तेव्हापासून पोरगी घरी आलेली नाही. आखाजीच्या सणाला साऱ्या लेकी माहेरी आल्या, आमची आली नाही. कोकिळाला म्हणाली, नोकरी सोडते. तर तिने नोकरी सोडू नये. आणि खापर न्यायला स्वतः यावं, कुरिअर चालणार नाही. मला तिची फार आठवण येते.

५. मालिकेतली शेठाणी कामवालीवर नुसती खेकसते. आमच्या प्रेमकुंवरबाई, ज्यांच्या घरच्या सगळ्या लग्नांत मी मांडे केले, त्या माझ्या भाजलेल्या हातांना स्वतः तूप लावायच्या. दिवाळीची साडी मात्र दरसाल राखाडीच. त्या सगळ्या साड्या त्यांना प्रेमाने परत द्याव्यात.

६. हे कलम वकिलांनी दुरुस्त करू नये. मी बोलते तसंच लिहावं.

"दिपू, मनी बोली तुले दिधी, बठ्ठी. तू लिखत ऱ्हाय. पन ती कामवाली बाईले तू रोज दारमा उभी करस. तिले एकडाव बसाड, पोटभर जेवाड. ती जेवस तवलोंग कोनी हासाव नही."

वरचं सगळं मला वाचून दाखवलं. माझंच आहे. सही माझ्या हाताची.

सही: वच्छलाबाई कौतिक महाजन

साक्षीदार: १. अखिल केवलचंद छाजेड
२. भिकुबाई सुकदेव पाटील

धुळे, १२ जून २०२५