झडपेवर क्रमांक न रंगवण्याबाबत

प्रति,
मा. मालमत्ता अधिकारी,
आपलीच संशोधन संस्था, तळमजला.

विषय: तिळाहून लहान झडपेस पांढऱ्या ऑइलपेंटमधून सूट, तसेच अर्जदाराच्या एका गुन्ह्यास कार्योत्तर मंजुरी मिळणेबाबत.
संदर्भ: आपले परिपत्रक, "संस्थेच्या प्रत्येक वस्तूवर दोन इंच उंचीचा क्रमांक".

महोदय,

१. मी तिसऱ्या मजल्यावर सूक्ष्म झडपा तयार करतो. केसाएवढ्या नळीतून जाणारे औषध अडवणे व सोडणे, एवढेच त्यांचे काम. आत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा असतो. हवेच्या दाबाने तो खाली बसला की वाट बंद. तो चिकटू नये, फाटू नये, यापायी माझे एकोणचाळीस आराखडे वाया गेले. चाळिसावा जमला. त्याच्या सहा झडपा झाल्या.

२. सोमवारी मी जेवायला गेलो असता आपले रंगारी वर आले. गृहस्थ अत्यंत प्रामाणिक. झडप दिसेना म्हणून त्यांनी चष्मा पुसला. तरी दिसेना, तेव्हा झडपांच्या तबकडीवरच क्रमांक रंगवला. अक्षर सुरेख आहे. पाच झडपा साताच्या वळणाखाली कायमच्या गेल्या. सहावी सूक्ष्मदर्शकाखाली होती, आणि त्याच्यावर गेल्या वर्षीच नंबर पडलेला असल्याने ती वाचली.

३. रुग्णालयात सातव्या महिन्यात जन्मलेली एक मुलगी आहे. तिला लागते तेवढे कमी औषध मोठ्या पंपाला सोडताच येत नाही. चाचण्या झाल्या, डॉक्टरांच्या सह्या झाल्या, राहिला फक्त आपला गेटपास. गेटपासला क्रमांक हवा, क्रमांकाला रंग हवा, आणि रंग लागला की झडप गेली. हे सांगितल्यावर आपण म्हणालात, "मग झडप जरा मोठी करा की!" साहेब, मी जिन्यात बसून पोट धरून हसलो. नंतर मला रडू आले.

४. सबब आज सकाळी मी ती सहावी झडप चष्म्याच्या घरात घालून फाटकाबाहेर नेली. पहारेकऱ्याने माझा जेवणाचा डबा मात्र कसून तपासला, याची आपण नोंद घ्यावी.

५. झडप सध्या त्या मुलीच्या औषधाच्या नळीत असून व्यवस्थित चालू आहे. ती संस्थेची मालमत्ता आहे, हे मला मान्य आहे. रंगाऱ्यांना जरूर पाठवावे. फक्त त्यांनी हात साबणाने धुवावेत व पावले न वाजवता यावे. मुलगी आत्ताच झोपली आहे.

आपला नम्र, आणि बडतर्फीस तयार,
(सही)
तिसऱ्या मजल्यावरचा झडपवाला
दि. ९, गुरुवार

सोबत: रंगवलेली तबकडी, एक नग. क्रमांक स्पष्ट वाचता येतो.