चार बोटांचा फरक

मी, एडेलमिरा सिपाक, वय वर्षे एकोणतीस, चर्चच्या प्राथमिक शाळेतील शिक्षिका, राहणार सांता इनेस, ग्वातेमाला, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून लिहीत आहे. येत्या गुरुवारी राजधानीत माझ्या हृदयाची झडप बदलावयाची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. तथापि त्यांनी माझ्याकडून तीन कागदांवर सह्या घेतल्या. म्हणून हा चौथा मी आपण होऊन लिहिते.

१. घरातील माझा हिस्सा थोरला भाऊ फेर्मिन यास द्यावा. छप्पर दुरुस्त करण्याचे वचन तो सहा वर्षे देत आहे. आता गळेल ते त्याचेच.

२. माझी एकशे बारा पुस्तके शाळेस द्यावीत. शब्दकोश कोणासही घरी नेऊ देऊ नये. मुख्याध्यापकांना तर नाहीच.

३. शिलाई मशीन, कॉफीची चक्की आणि पालखीच्या दांड्याखाली खांद्यावर घ्यावयाची काळी उशी माझी मैत्रीण ओतिलिया चिकाय हिला द्यावी. येथे खुलासा आवश्यक आहे, कारण ओतिलिया दोन वर्षे माझ्याशी बोललेली नाही, आणि चूक माझी आहे.

गुड फ्रायडेला आमच्याकडे पवित्र मरियेची पालखी स्त्रिया वाहतात. तोल राहावा म्हणून सारख्या उंचीच्या जोड्या लावतात. पालखी मंडळाच्या क्रेसेन्सियाबाई एकेकीला भिंतीशी उभे करून खांदा मोजतात. उंच बायकांकडे मागची, जड बाजू येते. आठ वर्षे ओतिलिया आणि मी एकाच दांड्याखाली शेजारी चाललो. नवव्या वर्षी मोजणीत मला तिचे गुडघे घागऱ्याआड वाकलेले दिसले. ती जड बाजू चुकवते आहे, असा मी निष्कर्ष काढला.

"बाई, ओतिलिया गुडघे वाकवून उभी आहे," मी म्हणाले. मंडळाच्या सभेत मी उच्चारलेले हे पहिलेच वाक्य.

"अगं लबाडे, देवाच्या आईलाही फसवतेस?" क्रेसेन्सियाबाई कडाडल्या. "हो सरळ!"

ती सरळ झाली. माझ्याहून चार बोटे उंच भरली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला चालताना भोवळ येते, म्हणून आठ वर्षं गुडघे मोडून चालले गं तुझ्याशेजारी. घे आता तुझं ते खरं, आणि बस उराशी धरून!"

त्या वर्षी ती मागे गेली आणि मी दुसऱ्या वळणावर कोसळले. झडपेचा दोष तेव्हाच सापडला. शस्त्रक्रियेची पाळी आता आली.

क्षमा मागणारी अकरा पत्रे मी लिहिली. सर्व शुद्धलेखन तपासून कपाटात ठेवली आहेत. फादर अनास्तासियो मला म्हणाले, "पोरी, प्रभूने शिष्यांना चाकर म्हटलं नाही, मित्र म्हटलं. मैत्रिणीशी अबोला धरून वेदीपाशी काय येतेस? आधी जा, तिला भेट." मी म्हणाले, लेखी कळवते. हे ते लेखी. ओतिलिया, मी जे पाहिले ते खरे होते आणि जे समजले ते खोटे होते. मला क्षमा कर.

४. (आज वकिलांसमोर वाढविलेले कलम.) फेर्मिनने मृत्युपत्राची बातमी फोडल्यामुळे ओतिलिया न बोलावता आली. तिने कलम ३ उभ्याने वाचले आणि साक्षीदार होण्याचा हट्ट धरला. वकील म्हणाले, "ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, बाई. मशीन घ्या नाहीतर सही करा."

"मशीन घाला चुलीत! सही कुठे करू?" आणि मला म्हणाली, "मेलीस तर याद राख. अकरा पत्रं वाचायचीत मला, तुझ्यासमोर बसून."

सबब कलम ३ मधील देणगी रद्द. मशीन व चक्की फेर्मिनच्या मुलीस द्यावी. ओतिलियास काहीही मिळणार नाही. उशी कोणासही देऊ नये. गुड फ्रायडेला लागेल.

स्थळ : सांता इनेस. दिनांक : ११ नोव्हेंबर २०१९.

लिहून देणार : एडेलमिरा सिपाक

साक्षीदार :
१. अनास्तासियो बाराओना, धर्मगुरू
२. ओतिलिया चिकाय (टेबल बुटके असल्यामुळे गुडघे वाकवून सही केली. लिहून देणारीने हरकत घेतली नाही.)