विरघळणारी

१२ मार्च, शुक्रवार

प्रिय दादा,

कसा आहेस? इकडे सगळे मजेत. बाबांचा गुडघा आहे तसाच. आईने तुमच्या कंपनीच्या नव्या पिशवीची जाहिरात पेपरातून कापून फ्रिजवर लावलीये. दूध काढायला गेलं की आधी तुझी पिशवी दिसते. वहिनीला सांग, तिने दिलेली रोपं जगली.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू "हो हो, नोटेड" म्हणतोस आणि मीटिंगला पळतोस. ईमेल लिहिला की तो आपोआप इंग्रजीत होतो, आणि इंग्रजीत नेहमी तूच जिंकतोस. तू 'स्टेकहोल्डर' म्हणालास की मला पुढचं सुचतच नाही. शिवाय घोळ मराठीत झालाय, तर पत्रही मराठीतच. शुद्धलेखन तपासू नकोस. मराठीच्या पेपरात आपण दोघांनी काय दिवे लावलेत ते आईला विचार.

काल संध्याकाळचा तुझा मेसेज वाचला. 'रविवारी शूट. आत्याबाई फ्रेश दिसू दे. तू निळा टीशर्ट घाल.' छान. म्हणजे मी निळी, बोर्ड निळा, समुद्र आधीच निळा आहे, तेवढाच तुमचा खर्च वाचला.

तुमच्या जाहिरातीचा डायरेक्टर बुधवारी आमचा कासवांचा दवाखाना बघून गेला. पांढरे शूज घालून आला होता. किनाऱ्यावर उतरायच्या आधीच म्हणाला, "थोडा कचरा लागेल हं, मुलं उचलताना दाखवायचीयेत. पण डिसेंट कचरा." डिसेंट कचरा, दादा. मी म्हटलं, हा समोर पडलाय तो घ्या की. तर म्हणे वास येतो. मग असिस्टंटने गाडीतून गोणी काढली. धुतलेल्या बाटल्या होत्या, लेबलं काढून. समुद्रावर हे लोक कचरा घरून घेऊन आले.

आणि धक्क्यावर काय चाललंय ते ऐक. सकाळी तिथे फिरायला येणाऱ्या बायकांचा एक ग्रुप आहे, सगळ्यांच्या एकसारख्या टोप्या. त्यातल्या एका काकूंनी फळं खाल्ली, सालं पिशवीत भरली, नीट गाठ मारली आणि पिशवी पाण्यात सोडली. फेकली नाही. वाकून, हळूच सोडली, कागदाची होडी सोडावी तशी.

"काकू, काय करताय हे?"

"अगं, ही ती नवीन. विरघळणारी."

"नाही विरघळत ती."

"लिहिलंय त्यावर. शिकलेली दिसतेस, वाचता येत नाही का?"

दुसरी म्हणाली, "मी तर घरच्या साठवून आणते. डब्यात टाकण्यापेक्षा इथे बरं, जागच्या जागी काम होतं."

मला त्यांचा राग नाही आला. कचरा टाकणारी माणसं मला रोज भेटतात, पण ती निदान इकडेतिकडे बघून टाकतात. या काकूंच्या चेहऱ्यावर चांगलं काम केल्याचं समाधान होतं. ते समाधान तू विकलंस.

पिशवीवर मोठ्या अक्षरांत 'समुद्रात विरघळणारी'. खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत, की कारखान्यातल्या ठरावीक उष्णतेतच हिचं कंपोस्ट होतं. कंपोस्ट म्हणजे खत, दादा. मी फोनवर विचारलं तेव्हा काय म्हणालास, आठवतंय? "खत हा शब्द प्रीमियम वाटत नाही गं. विरघळणारी कसं, सॉफ्ट आहे." बरं, आणि 'समुद्रात' कुठून आलं? "एजन्सीला निळा रंग हवा होता."

निळा रंग हवा होता म्हणून समुद्र. हिरवा हवा असता तर जंगलात विरघळली असती.

आता आत्याबाई. त्या कासवीचं नाव तूच ठेवलंस. खाणं पुढे केलं की ती मान फिरवायची, अगदी आपल्या आत्यासारखी, 'माझं झालंय हं' असा चेहरा करून. तू नक्कल केलीस आणि आपण पोट धरून हसलो. डॉक्टरबाईसुद्धा हसल्या.

पोट भरलेलंच होतं तिचं.

मंगळवारी सकाळी ती गेली. डॉक्टरबाईंनी पोट उघडलं, मी ट्रे धरून उभी होते. आतून काहीतरी निळं निघालं, चुरगळून गोळा झालेलं. मी नळाखाली धुतलं, पसरलं. 'द्रात विरघळणा' एवढं स्पष्ट वाचता येत होतं. शाई चांगली वापरता तुम्ही, मानलं.

हे तुला माहीत आहे. तुझ्या डायरेक्टरला मी सगळं सांगितलं, तो तुकडाही दाखवला. त्याने दुसऱ्या टाकीकडे बोट दाखवलं. "ते आहे ना? कासव कासवच दिसतं." मग तुला फोन लावून हेच सांगितलं. स्पीकरवर लावला होता, दादा. मी तिथेच उभी होते. तू म्हणालास, "ओके, पण बहिणीला मी हँडल करतो."

आणि संध्याकाळी नाही, पुढचा आख्खा दिवस घेऊन तू मला लिहिलंस, 'आत्याबाई फ्रेश दिसू दे.'

तर हँडल झालेय मी. रविवारी येणार, निळा टीशर्टही घालणार. ठरल्याप्रमाणे कासव समुद्रात सोडणार नाही, दुसरं अजून आजारी आहे. कॅमेरा सुरू झाला की तो तुकडा धरून वाचून दाखवणार. टाकीचा पंप तुमच्या कंपनीने दिलेला, म्हणून डॉक्टरबाईंना आधी विचारलं. त्या बराच वेळ हात धूत राहिल्या. मग म्हणाल्या, "मोठ्याने वाच. वाऱ्यात ऐकू जात नाही."

त्याआधी तू स्वतः पिशवीवरून 'समुद्रात विरघळणारी' काढतोयस असं सांगितलंस, तर मी गप्प तुझ्या शेजारी उभी राहीन. आईला अजून काही बोलले नाहीये. फ्रिजवरचं कात्रणही तसंच आहे. ते तू काढायचंस.

तुकडा मी मधून कापलाय. 'विरघळणा' माझ्याकडे, रविवारी लागेल. 'द्रात' सोबत पाठवतेय, कुरिअर उद्या पोचेल. वहिनीच्या हाती लागू देऊ नकोस, वास येतो. बादलीत मिठाचं पाणी घे आणि त्यात टाकून ठेव.

विरघळला की फोन कर.

तोपर्यंत फक्त आईची मुलगी,
टिल्ली